सफरचंद लावू की नाशपाती? वाण निवडण्याआधी लोक विचारतात ते प्रश्न

निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे. विहिरीकडच्या बाजूला चौदा झाडं सफरचंदाची आणि तीन नाशपातीची लावलीत. येणारा-जाणारा द्राक्ष सोडून तिकडंच बघत उभा राहतो. फोनवर, लग्नाच्या मांडवात, औषधाच्या दुकानात तेच तेच प्रश्न होतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. बाजारात कोणतं फळ छान दिसतं ते बाजूला ठेवा. आपल्या शेतातला हिवाळा कसा आहे, इथूनच सगळं सुरू होतं.

‘रॉयल’, म्हणजे हिमाचलचं नेहमीचं लाल सफरचंद, आमच्याकडे येईल का?

झाड येईल, फळ येणार नाही.

सफरचंद हे पानं गाळून झोपणारं झाड आहे. एकदा झोपलं की पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय ते धड जागं होत नाही. ही थंडी तासांत मोजतात. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलेले तास, अशी तिची सोपी व्याख्या. रॉयल आणि एकूणच डेलिशस कुळाला असे १००० ते १२०० तास लागतात. शिमला जिल्ह्यातल्या कोटगढ-ठाणेदारच्या उतारांवर ते सहज मिळतात. सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९१६ च्या सुमारास तिथे डेलिशसची कलमं लावली, पुढे तो सत्यानंद स्टोक्स झाला, आणि आज आपण ज्याला ‘शिमल्याचं सफरचंद’ म्हणतो ते तिथून पसरलं.

थंडी कमी पडली की काय होतं हे द्राक्षवाल्याला वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फोडायची पेस्ट लावायची राहून गेलेली काडी आठवा. शेंड्याचे दोन डोळे फुटतात, मधली काडी नुसती काठी. सफरचंदात तेच होतं. फुलं महिना-दीड महिना तुकड्यातुकड्यांनी येत राहतात आणि टिकत नाहीत.

पण निफाडला तर पारा पाच-सहावर येतो. ती थंडी कमी आहे का?

पेपरात येतो तो किमान पारा. तो पहाटेचा असतो, आणि काही वेळापुरताच. मी दोन हिवाळे झाडाच्या उंचीवर नोंद ठेवणारं साधं यंत्र टांगून पाहिलं. पारा ६ वर गेलेल्या रात्रीसुद्धा ७ अंशांच्या खालचा काळ पहाटे चारपासून ऊन अंगावर येईपर्यंतचा, म्हणजे साडेतीन तासांचा निघाला. अशा पंधरा रात्री धरल्या तरी पन्नास-बावन्न तास होतात. कुठे हजार आणि कुठे बावन्न.

त्यातही एक गोम आहे. थंडी मोजायच्या जरा नेमक्या पद्धती आहेत, अमेरिकेतली युटा पद्धत किंवा इस्राएलमध्ये तयार झालेली डायनॅमिक पद्धत. त्या दिवसाच्या उबेची वजाबाकीही धरतात. आपल्याकडे जानेवारीत पहाटे हुडहुडी आणि दुपारी २८ अंश. म्हणजे रात्री कमावलेलं दुपारी उडवायचं. उलट ढगाळ, दिवसभर १० अंशांवर रेंगाळणारा दिवस झाडाला जास्त लागू पडतो, पण तसे दिवस आपल्या नशिबात नाहीत.

मग एचआरएमएन-९९ या वाणाला आपल्याकडे सफरचंदं लागतात ती कशी? मोबाइलवर फिरतात ते व्हिडिओ खोटे आहेत का?

व्हिडिओ खोटे नाहीत, अर्धे आहेत.

हा वाण हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मा यांचा. घराच्या आवारात बियांपासून आलेलं झाड, समुद्रसपाटीपासून १८०० फूट उंचीवर. तिथे सफरचंद लागायचं काही कारण नव्हतं, तरी ते लागलं. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने ते उचलून धरलं, देशभर रोपं वाटली, आणि २०२५ मध्ये शर्मांना पद्मश्री मिळाली. वाणाची थंडीची भूक फार कमी आहे, हे खरंच.

पण दुसरी गोष्ट व्हिडिओत कुणी सांगत नाही. झाड गाढ झोपायच्या आधीच त्याची पानं काढून टाकली, तर डोळे थंडीची वाट न बघता फुटतात. इंडोनेशियात पूर्व जावामधल्या बाटू भागात याच युक्तीवर सफरचंदाच्या बागा चालतात. फळं तोडली की महिनाभराने सगळी पानं हाताने ओरबाडतात आणि वर्षात दोन बहार घेतात, तेही जवळजवळ विषुववृत्तावर. डाळिंबाला ताण देऊन पानगळ करणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायला नको. फरक एवढाच की डाळिंबाचं वेळापत्रक आपल्याला पाठ आहे, सफरचंदाचं प्रत्येकाला स्वतःच्या रानात बसवावं लागतं.

मी पाणी तोडतो नोव्हेंबरअखेर आणि पानं काढतो डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, हातानेच. पान देठापासून वरच्या दिशेने ओढायचं, खाली ओढलं तर शेजारचा डोळा सालीसकट निघतो. पहिल्या वर्षी घरच्या पोरांनी खाली ओढली. एका झाडाच्या अर्ध्या काड्या त्या वर्षी आंधळ्या राहिल्या. सगळं नीट झालं तर तीन-चार आठवड्यांत डोळा ज्वारीच्या दाण्याचा हरभऱ्याएवढा होतो, टोकाला राखाडी लव दिसते, आणि मग गुलाबी कळी.

हायड्रोजन सायनामाइड, म्हणजे आपली द्राक्षाची पेस्ट, लावू का असं लोक लगेच विचारतात. डब्याच्या लेबलवर आपलं पीक आहे का ते आधी वाचा. मात्रा चुकली तर डोळे जळतात. आणि लावणाऱ्याने त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूला शिवायचं नाही, हे द्राक्षात जितकं खरं तितकंच इथेही.

अ‍ॅना, डॉरसेट गोल्डन आणि एचआरएमएन-९९ मध्ये निवडायचं कसं?

अ‍ॅना इस्राएलचा. एन शेमेर या किबुत्झवर, म्हणजे सामुदायिक शेतवसाहतीत, अब्बा स्टाइन यांनी गोल्डन डेलिशसचा संकर करून काढला. २०० ते ३०० तासांत भागतं; आपल्याकडे तेवढेही भरत नाहीत, म्हणून पानं काढायची युक्ती इथेही लागते. फळ लांबट, पिवळ्यावर लाल झाक, गोड-आंबट, आणि झाडावरून काढल्याबरोबर खाल्लं तर खरंच चांगलं. आठ दिवस घरात ठेवलं की गर पिठूळ होतो. डॉरसेट गोल्डन बहामा बेटांवरचा, नासाउमध्ये एका बाईंच्या बागेत सापडलेला. बर्फ कधी न पडणाऱ्या ठिकाणी गोल्डन डेलिशसचं बी रुजलं आणि फळलं, ही त्याची कुळकथा. फळ पिवळं, लहान, गोडीला अ‍ॅनापेक्षा मला उजवं वाटतं. एचआरएमएन-९९ चं झाड या तिघांत आपल्या उन्हाला सगळ्यांत चिवट.

चवीला डॉरसेट, चिवटपणाला एचआरएमएन, आणि अ‍ॅना फळांच्या संख्येला. पण निवडा म्हणजे एक घ्या असं नाही, कारण पुढचा प्रश्न.

एकच झाड लावलं तर फळ लागेल का?

धरून चालू नका. सफरचंदाच्या फुलाला स्वतःच्या वाणाचा पराग बहुतेक चालत नाही. अ‍ॅनाची वीस झाडं लावली तरी परागाच्या हिशेबात ते एकच झाड, कारण सगळी कलमं एका झाडाची. शेजारी त्याच वेळी फुलणारा दुसरा वाण लागतो. अ‍ॅना आणि डॉरसेट गोल्डन ही जगभर लावली जाणारी जोडी याच कारणाने आहे.

हिमाचलात रॉयलच्या बागेत मधूनमधून गोल्डन, रेड गोल्डन, टायडमन लावतात. ज्या बागेत जोडझाडं कमी, तिथे एप्रिलमध्ये एक गंमत दिसते. गोल्डनच्या फुललेल्या फांद्या कापून, पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत खोचून, त्या बाटल्या रॉयलच्या झाडांना सुतळीने बांधलेल्या असतात. खाली मधमाश्यांच्या पेट्या. कोटगढला मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुणी नवस फेडलाय की काय असं वाटलं होतं.

काही वाण, जोनागोल्ड आणि मुत्सू त्यातले, त्रिगुणित असतात, म्हणजे त्यांच्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. त्यांचा पराग निकामी. ते घेतात, देत नाहीत. तशा वाणासोबत आणखी दोन वाण लावावे लागतात.

नाशपातीचंही असंच, उलट थोडं अवघड. तिच्या फुलातल्या मकरंदात साखर कमी असते, त्यामुळे शेजारी मोहरी फुललेली असेल तर माश्या तिकडे पळतात. शिवाय काही जोड्यांचं आपसात पटत नाही. बार्टलेट आणि सेकेल हे दोन नामवंत वाण एकमेकांना पराग देऊन उपयोग होत नाही.

हिमाचल-काश्मीरवाले आता काय लावताहेत?

देशातलं बहुतेक सफरचंद काश्मीरचं, आणि तिथे अजून डेलिशसचंच राज्य. त्यांचा अस्सल घरचा वाण अंबरी. उशिरा पिकणारा, सुगंधी, टिकाऊ. बाजाराला लाल भडक रंग हवा असतो आणि अंबरी तेवढा भडक नाही, म्हणून तो मागे पडला. मला विचाराल तर त्याच्या वासापुढे रॉयल म्हणजे रंगवलेलं पाणी.

हिमाचलात जुनी उंच झाडं काढून रेड चीफ, ऑरेगॉन स्पर, जेरोमाइन असे बुटके, आखूड गाठाळ काड्यांवर फळणारे वाण येताहेत. खालच्या पट्ट्यात गाला. गाला न्यूझीलंडचा, त्याचं डेलिशसपेक्षा कमी थंडीत भागतं आणि फळही लवकर हाती येतं. वरच्या पट्ट्यात फुजी. जपानच्या फुजिसाकीत राल्स जॅनेट आणि रेड डेलिशसच्या संकरातून तो निघाला, १९६२ मध्ये त्याला नाव मिळालं. उशिरा येतो, पण शीतगृहात महिनोन्महिने कुरकुरीत राहतो. ग्रॅनी स्मिथ हिरवाच विकायचा, ऑस्ट्रेलियातला. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला तो अजून ‘कच्चा’ वाटतो.

आणि कुल्लूच्या खालच्या खोऱ्यात हिवाळे उबदार झाल्यामुळे सफरचंद काढून लोक काय लावताहेत? डाळिंब! तिकडचा बागायतदार डाळिंबावरच्या तेलकट डाग रोगाची औषधं शोधतोय आणि आपला डाळिंबवाला सफरचंदाची रोपं. दोघांनी एकदा एकमेकांना फोन करायला हवा.

नाशपाती, नाख, बब्बूगोशा, पेअर: एकच का?

घराणं एक, घरं वेगळी.

पंजाबात जी मोठ्या प्रमाणावर होते ती पत्थरनाख. नावातच आलं: टणक, रवाळ, रसदार, तिकडे जुलैअखेर येते. ही आशियाई गटातली. थंडी फार थोडी लागते म्हणून ती मैदानात टिकली. बब्बूगोशा मऊ, गोड, सालीला पातळ, ऑगस्टच्या सुरुवातीला येणारा. या दोघींच्या मधली, थोडी मऊ, अशी पंजाब ब्यूटी. मुंबईच्या दुकानांत स्टिकर लावून येतात त्या युरोपीय गटातल्या: ऑस्ट्रेलियात जन्मलेली पॅकहॅम्स ट्रायम्फ, किंवा ठिपक्यांची फोरेल. बार्टलेट हीच इंग्लंडात विल्यम्स. कॉन्फरन्स म्हणजे लांब मानेची, १८८५ च्या नाशपाती परिषदेवरून नाव पडलेली. जपानी नाशी गोल, सफरचंदासारखी दिसणारी. तिच्या निजिसेइकी या वाणाचं मूळ झाड १८८८ मध्ये एका मुलाला कचऱ्याच्या ढिगाजवळ उगवलेलं मिळालं होतं.

आपल्यासाठी यातली बार्टलेट, कॉन्फरन्स, कोमिस ही नावं विसरायची. त्यांना डेलिशसच्या तोडीची थंडी लागते. बघायचंच तर पत्थरनाख, कीफर, नाहीतर फ्लोरिडात काढलेल्या फ्लोर्डाहोम आणि हूड. फ्लोर्डाहोमला हूडची सोबत लागते. दक्षिणेत कोडाईकनाल आणि निलगिरीत कमी थंडीच्या नाशपाती कित्येक वर्षं होताहेत, पण ते डोंगर २००० मीटरचे. आपलं महाबळेश्वर १३७२ मीटरवर थांबतं.

मग दोन्हींत सोपं काय?

झाड सांभाळायला नाशपाती. भारी, पाणी धरणाऱ्या जमिनीत ती सफरचंदापेक्षा जास्त सोसते. खोड काटक, उन्हाला कमी भाजतं. माझ्या तीन झाडांना पाच वर्षांत एकदाही फवारणी केलेली नाही.

फळाला मात्र सफरचंद. त्याच पाच वर्षांत त्या तीन झाडांनी मिळून नऊ फळं दिलीत, त्यातली चार वटवाघळांनी नेली. बियाच्या खुंटावरची (खुंट म्हणजे ज्याच्यावर कलम बांधतात ते खालचं मुळाचं रोप) नाशपाती सहा-आठ वर्षं थांबायला लावते, हे माहीत असूनच लावली होती, तरी पाहुण्यांसमोर मान खाली जाते.

नाशपाती झाडावरच पिकू द्यायची का?

युरोपीय गटातली असेल तर अजिबात नाही. ती आतून बाहेर पिकते. बाहेरून पिकलेली दिसेपर्यंत गाभा काळपट, लगदा झालेला असतो. फळ टणक असतानाच तोडायचं. ओळखायची खूण: फळ हाताने वर उचलून आडवं करायचं. देठ फांदीपासून सहज सुटला तर वेळ झाली. मग घरात ठेवून देठाजवळची मान अंगठ्याने दाबून बघायची. मान दबली की खायला काढायची. पोट दबायची वाट बघितलीत तर उशीर झाला.

नाशी मात्र झाडावर पिकवूनच काढतात. पत्थरनाखही झाडावर तयार होऊ देतात आणि कुरकुरीत खातात. सफरचंदात हा घोळ नाही. कापून बिया बघा, तपकिरी झाल्या असतील आणि सालीचा हिरवा रंग पिवळ्याकडे वळला असेल तर तोडा.

खुंट कोणता मागायचा?

डॉगरिज खुंटाशिवाय द्राक्ष लावायचं नाही हे आपण धक्के खाऊन शिकलो. सफरचंदात रोप घेताना मात्र कुणी खुंट विचारतच नाही. मी पण विचारला नव्हता.

खुंटांची नावं इंग्लंडातल्या ईस्ट मॉलिंग केंद्रावरून पडलीत. एम-९ बुटका, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ, पण मुळं इतकी नाजूक की जन्मभर तारेचा आधार लागतो. एमएम-१०६ मध्यम, पण पाणी साचलं की बुंध्याशी कुजतो. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात तो मला परवडला नाही. चौदातली पाच झाडं अशी गेली आणि त्यांच्या जागी नवी लावावी लागली. एमएम-१११ थोडा जोमदार, उशिरा फळणारा, पण ताण सोसणारा आणि मुळांवरच्या लोकरी माव्याला दाद न देणारा. आपल्याकडे हाच मागा, आणि गादीवाफ्यावर लावा.

नाशपातीला उत्तरेत कैंथ या रानटी नाशपातीचा खुंट वापरतात. परदेशात झाड बुटकं ठेवायला क्विन्स या दुसऱ्या फळझाडावर कलम करतात, पण चुनखडीच्या जमिनीत क्विन्सला लोह मिळत नाही आणि पानं शिरा सोडून पिवळी पडतात. आपल्या अर्ध्याअधिक रानात चुनखडी. तेव्हा क्विन्स नको.

एकरी किती झाडं बसतात?

बियाच्या खुंटावर ६ बाय ६ मीटर धरलं तर सुमारे ११२. एम-९ वर ३ बाय १ मीटर धरलं तर साडेतेराशेच्या घरात, पण मग मांडव नाही तरी तारा-खांब आले, ठिबक आलं, खर्च द्राक्षाच्या वळणावर गेला. एमएम-१११ वर मी ४ बाय ३ मीटर ठेवलंय.

फळाला लाल रंग का येत नाही?

रंग थंड रात्रींनी येतो. आपलं फळ पिकतं मे-जूनमध्ये, तेव्हा रात्रीही पंचवीस अंश. म्हणून पिवळट फळावर एका गालावर लाली, एवढंच. त्यासाठी बाटलीतली संजीवकं विकणारे भेटतील. पैसे जपा. उलट फळ उन्हाने भाजू नये म्हणून पश्चिमेकडची पानं राखा, नाहीतर शेडनेट टाका.

बाजारातल्या सफरचंदाचं बी लावलं तर?

झाड येईल, ते फळ येणार नाही. दर बी नवा वाण असतो आणि बहुतेक वेळा आंबट-तुरट. क्वचित लाखात एक हरिमन शर्मांसारखं निघतं. तेवढी जागा आणि धीर असेल तर लावा, मजा म्हणून.

विरळणी खरंच करायची? लागलेलं फळ काढवत नाही.

एका गुच्छात पाच-सहा फुलं येतात. सफरचंदात मधलं फूल आधी उमलतं, त्याचं फळ सर्वांत मोठं, ते ठेवून बाकीची काढायची. नाशपातीत उलट, कडेची आधी उमलतात. सगळी ठेवलीत तर लिंबाएवढी फळं आणि पुढच्या वर्षी झाड रिकामं. आमच्या आईने पहिल्या वर्षी काढूच दिली नाहीत, आणि त्या फळांचा तिने मुरांबा केला. मुरांबा उत्तम झाला.

रोपं घेताना काय बघायचं?

कलमाची गाठ जमिनीच्या वर वीतभर दिसली पाहिजे. वाण आणि खुंट दोन्ही बिलावर लिहून घ्या. पहिल्या खेपेला मी ‘अ‍ॅना’ म्हणून घेतलेल्या सहा रोपांत दोन बिनकलमाची, बियांची निघाली. तिसऱ्या वर्षापर्यंत कळलंही नाही, आणि बिलावर नुसतं ‘सफरचंद रोप, ६ नग’ लिहिलेलं. मुळं उघडी असलेली रोपं जानेवारीत उत्तरेतून येतात, ती ओल्या पोत्यात आली तरच घ्या. मुळांवर कापसासारखं काही दिसलं तर तो लोकरी मावा आहे, परत करा. मुळांवर गाठी असतील तरीही.

एकरभर लावू का? पैसे होतील का?

जूनमध्ये काश्मीर-हिमाचलचं नवं फळ बाजारात नसतं आणि आपलं तयार असतं, यावर सगळा हिशेब मांडला जातो. पण त्या वेळी शीतगृहातलं आणि परदेशी फळ असतंच, एकसारख्या आकाराचं, चकचकीत. पिवळट, आठ दिवसांत पिठूळ होणारं फळ वाशीच्या घाऊक बाजारात पाठवून त्याच्याशी टक्कर द्यायची नाही. रस्त्यावर स्टॉल असेल, शेत बघायला लोक येत असतील, तर गोष्ट वेगळी. आमची गेल्या जूनमधली ८५ किलो फळं बांधावरच संपली, कारण लोकांना नाशिकच्या झाडावरचं सफरचंद स्वतःच्या हाताने तोडायचं होतं.

तुमच्याकडे विहिरीजवळ जागा असेल तर दहा झाडं लावा: चार एचआरएमएन, तीन अ‍ॅना, तीन डॉरसेट, सगळी एमएम-१११ वर. जोडीला पत्थरनाख एक, आणि तिला सोबत म्हणून ल काँत या वाणाची नाशपाती एक. पहिल्या हिवाळ्यात झाडापाशी तापमापक टांगा आणि रोज सकाळी सातला वहीत लिहा. पुढच्या झाडांचं त्या वहीकडे बघून ठरवू. वही घेऊन या, डिसेंबरात पानं काढायला मलाही माणसं कमीच पडतात.